इंगरमामीचे हातमोजे

"हात पुढे कर," मामा म्हणाले.

मी हात पुढे केले. त्यांनी माझ्या रबरी हातमोज्याची कड मनगटाशी ताणून धरली आणि किटलीतलं गरम पाणी आत ओतलं. पाणी बोटांच्या टोकांपर्यंत गेलं. मला एकदम वाईची आठवण झाली. थंडीतल्या सकाळी आंघोळीच्या बादलीत हात बुडवून ठेवायचा आणि आई ओरडेपर्यंत काढायचा नाही, त्याची.

"पोळलं?"

"नाही."

"मग कमीच गरम आहे. तुमच्या घरच्या बंबातलं पाणी असतं तर किंचाळली असतीस."

"मामा, बंब जाऊन दहा वर्षं झाली. आता गीझर आहे."

"अक्काने बंब विकला?" त्यांना खरंच धक्का बसला. "मला विचारलंसुद्धा नाही."

ते सत्त्याण्णव साल होतं, डिसेंबर. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका रुंद, उथळ खाडीच्या काठी, लाकडी खोपटात आम्ही उभे होतो. मुकुंदमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षांपूर्वी जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. साठीला टेकले होते, पण अजून वर्षभर विंडसर्फिंग करत. फळीवर उभं राहायचं, शिडाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि वाऱ्यावर पाणी कापत जायचं. मी तिथून दोन तासांवरच्या विद्यापीठात गोठलेल्या जमिनीतून उष्णता कशी वाहते यावर काम करत होते. उन्हाळ्यात मामांनी मला फळीवर उभं राहायला शिकवलं होतं. हिवाळ्यातला हा माझा पहिला दिवस.

"आता ऐक, शास्त्रज्ञबाई. या रबरी सूटमध्ये पाणी शिरणार. शिरू दे. तुझं अंग ते तापवतं आणि मग तेच तुला सांभाळतं. म्हणून पहिलं पाणी आपणच गरम घालायचं. टोपी कानांवर ओढ. आणि कुडकुडायला लागलीस तर घाबरू नकोस."

"कुडकुडणं वाईट नाही का?"

"कुडकुडतोय तोवर माणूस ठीक आहे. कुडकुडणं थांबलं आणि छान ऊब वाटायला लागली, की समज, आपली वेळ भरत आली. तेव्हा असशील तिथून मागे फिरायचं. डोक्यात बसलं?"

"बसलं."

त्यांनी स्वतःच्या काळ्या हातमोज्यांत पाणी घेतलं. मग खुंटीवरून तिसरा जोड काढला. लाल, लहान मापाचा, उजव्या अंगठ्यावर ठिगळ लावलेला. तोही त्यांनी काठोकाठ भरला, मनगटाशी रबराने घट्ट बांधला आणि माझ्याकडे पाठ करून सूटची चेन ओढली. ते कुणाचे हातमोजे होते, मला माहीत होतं.

इंगरमामी दोन हिवाळ्यांपूर्वी याच पाण्यात गेल्या. खाडी बहुतेक ठिकाणी छातीएवढीच खोल, पण मधून बोटींसाठी एक खोल चर जातो आणि तो पुढे समुद्राला मिळतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खुणेचे खांब आहेत. मामींची फळी दुसऱ्या खांबापाशी सापडली. शीड सापडलं. मामी सापडल्या नाहीत.

आईने वाईहून फोन केला होता. कृष्णेच्या घाटावर दहावा करू, पिंड ठेवू, म्हणाली. मामांनी तिला इतकंच सांगितलं, "अक्का, तू कावळ्यापुढे भात ठेवलास तर मी पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही. ती गेलेली नाही. सापडलेली नाही."

आईने ते ऐकलं. पण मला इथे नोकरी लागली तेव्हा विमानतळावर तिने माझ्या कानात सांगितलं, "वैजू, दर शनिवारी जात जा त्याच्याकडे. तो तिच्या मागे जाईल गं. लहानपणापासून तसाच आहे, एकदा धरलं की सोडत नाही."

म्हणून मी जात होते.

त्या पहिल्या दिवशी आम्ही तासभर पाण्यावर होतो. मी काठालगत, गुडघाभर पाण्याच्या आसपास. मामा लांब, खांबांकडे. परत आले तेव्हा ओठ निळे होते, दात वाजत होते. खोपटात त्यांनी मला लाल हातमोजे दिले. "रिकामे करून खुंटीला लाव."

मी रबर सोडलं. आतलं पाणी माझ्या तळहातावर सांडलं. ते गरम होतं.

माझ्या स्वतःच्या हातमोज्यातलं पाणी केव्हाच निवलं होतं. हवा शून्याच्या आसपास, पाणी तीन अंश. चहाचा कप त्या वाऱ्यात पाच मिनिटंही टिकला नसता.

"मामा, हे अजून गरम आहे."

"असणारच."

"कसं काय?"

"तू शास्त्रज्ञ. तू सांग." ते टॉवेलने डोकं पुसत होते. त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, धुणं धुतल्यावर होतात तशी. हिवाळ्यात शनिवार-रविवार ती कायम तशीच असायची.

पुढच्या शनिवारी मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन गेले. मामा परतले आणि मी लाल हातमोज्यात तो बुडवला. पस्तीसच्या किंचित वर. मला हायसं वाटलं. कारण त्या आकड्याला अर्थ होता. गार हवेत तासभर एवढं तापमान राखायचं तर जिवंत शरीरच लागतं.

"सूटच्या आत ठेवता," मी म्हटलं. "छातीशी."

ते हसले. "लागला शोध."

"मामा, तुमची गंमत चालली आहे. पण ही ऊब कुठून येते? तुमच्या अंगातून. तीन अंशाच्या पाण्यात तुम्हाला स्वतःला पुरत नाही, आणि तुम्ही त्यातून मामींना देता."

"पूर्वीही द्यायचो. तिचे हात फार गार पडायचे. रात्री झोपेत माझ्या पाठीला लावायची. मी ओरडायचो, ती हसायची."

"पूर्वी त्या होत्या."

किटलीत उरलेलं पाणी मामांनी बाहेर बर्फावर ओतलं आणि वाफ निघत राहिली, तिकडे बघत राहिले.

"खांबांच्या पलीकडे," ते म्हणाले, "चराच्या तोंडाशी, पाणी गार नाही, वैजू. तुला पटणार नाही. पण तिथे पोचलं की मला बरं वाटतं."

"कसं बरं?"

"ऊब वाटते."

मी थर्मामीटर डबीत ठेवत होते. हात थांबला. "ऊब वाटली की परत फिरायचं, असं तुम्हीच शिकवलंत मला."

"तुला शिकवलं," मामा म्हणाले.

त्या रात्री मी आईला फोन केला, पण हे सांगितलं नाही. काय सांगणार होते? तिने विचारलं, जेवतो का? म्हटलं, जेवतात. तिने विचारलं, हसतो का? म्हटलं, हो. दोन्ही खरं होतं.

संक्रांतीच्या आठवड्यात मी तिळगूळ केला. तीळ दुकानात मिळाले, गुळाऐवजी काळी साखर घातली आणि लाडू दगड झाले. शनिवारी दुपारी डबा घेऊन पोचले तेव्हा मामा घरी नव्हते. मी तशीच खाडीवर गेले. त्यांची गाडी खोपटाशी होती. किटली अजून कोमट होती. लाल हातमोज्यांची खुंटी रिकामी.

वारा पडत चालला होता. आकाश आणि पाणी एकाच राखाडी रंगाचे. मामांचं पिवळं शीड दुसऱ्या खांबाच्या पलीकडे दिसलं. मी हात हलवला. शीड थोडं वाकलं, आडवं झालं आणि पाण्यावर पडलं.

पडलं तर उचलतात. मामांना ते उचलायला जेमतेम अर्धं मिनिट लागे. मी वाट पाहिली. शीड उठलं नाही.

खोपटातल्या फोनवरून मी बचाव केंद्राला कळवलं. बोट दूरच्या बंदरातून निघेल, वेळ लागेल, तुम्ही पाण्यात जाऊ नका, असं पलीकडच्या बाईने दोनदा सांगितलं. मी हो म्हटलं आणि सूट चढवला. किटली तापवायला वेळ नव्हता. हातमोजे कोरडेच घातले. मोठं उन्हाळी शीड लावलं, कारण उरलेल्या वाऱ्यात दुसऱ्या कशाने फळी हललीच नसती.

इतकी लांब मी कधी गेले नव्हते. काठाजवळच्या बर्फाच्या पापुद्र्यातून फळी करकरत निघाली. पहिलं पाणी कमरेतून आत शिरलं तेव्हा श्वास अडकला. मग हात गेले. आधी दुखले, मग दुखायचे थांबले, मग दांड्यावर आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागली. मी कुडकुडत होते. ते मी स्वतःला मोठ्याने सांगत होते, "कुडकुडतेय. ठीक आहे."

दुसरा खांब मागे गेला आणि वारा पूर्ण पडला. माझं शीड ढिलं होऊन पाण्यात कोसळलं, मीही. फळीवर पोटावर पडून, हातांनी पाणी मागे सारत मी त्यांच्यापर्यंत पोचले.

मामा फळीवर बसले होते. घाटाच्या पायरीवर बसावं तसे, दोन्ही पाय पाण्यात सोडून. टोपी नव्हती. स्वतःचे काळे हातमोजे काढलेले. सूटची चेन पोटापर्यंत उघडी आणि उघड्या छातीशी लाल हातमोजे. ते कुडकुडत नव्हते. चेहरा शांत, जरा लाजल्यासारखा.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. जीभ जड झाली होती. "बघ, किती ऊब आहे इथे. हे अंगातलं काढायला मदत कर. उकडतंय."

"मामा, चेन लावा."

"ती म्हणते, काढ."

मी त्यांची फळी धरली. "अक्काचा फोन येईल संध्याकाळी. तिळगूळ आणलाय मी. चला."

"अक्काला सांग, मी मजेत आहे."

"मामा, तुम्हाला भ्रम होतोय. रक्त आत ओढलं गेलंय, मेंदूला चुकीचा निरोप जातोय. ही ऊब खरी नाही."

"हात लाव की," ते म्हणाले. "तू मोजून बघतेस ना सगळं. मग बघ."

मी उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि लाल हातमोज्यांना हात लावला. ते गरम होते. पस्तीस नव्हे, त्याहून पुष्कळ जास्त. माझ्या बधिर बोटांना झोंबले. आणि टणक होते, भरलेले, आतून कुणी बोटं घातल्यासारखे.

मग मी मामांच्या छातीला हात लावला. ती घाटाच्या दगडासारखी गार होती.

बधिर बोटं फसवतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हात गालावर घासला आणि पुन्हा लावला. छाती गार. हातमोजे गरम. उष्णता गरमाकडून गाराकडे वाहते. उलट, आपण होऊन, कधीच नाही. विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला मी हेच शिकवत असे. त्या छातीने हे पाणी तापवलेलं असणं शक्य नव्हतं.

आजूबाजूला काहीच आवाज नव्हता. पाणी फळीला लागतानाचासुद्धा.

मामा पुढे सरकले. कमरेपर्यंत पाण्यात गेले. मी त्यांच्या दंडाला धरलं, पण माझ्या हातात जोर नव्हता, आणि त्यांना कुणीतरी पलीकडून धरलंय असं ओझं होतं. ओढ नव्हती, घाई नव्हती. नुसतं धरलं होतं.

"मामा, नका!"

"अगं, जवळच आहे," ते म्हणाले. माझी समजूत घालावी तसं.

तेव्हा मला आजोबांचा दहावा आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. घाटावर पिंड ठेवलेला, कावळे पिंपळावर बसलेले, एकही खाली येईना. ऊन चढलं. भटजी म्हणाले, कशात तरी जीव अडकलाय, कुणीतरी बोला. एकेकाने पुढे होऊन सांगितलं, शेत नीट कसू, आईला सांभाळू. काही होईना. शेवटी माझी आई पुढे झाली आणि म्हणाली, "अण्णा, मुकुंदा परदेशात एकटा आहे, पण मी त्याला अंतर देणार नाही." पिंपळावरून कावळा उतरला.

मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, कावळ्याला भूक लागली असेल.

मी मामांचा दंड सोडला नाही. दुसऱ्या हाताने ते लाल हातमोजे धरले, जसे कुणाचे हात धरावेत तसे. मामींना मराठी चार शब्द येत होते आणि मला डॅनिश बरं येत होतं. पण त्या वेळी तोंडातून मराठीच आलं.

"मामी," मी म्हटलं. "मी वैजू. अक्काची मुलगी. मामांचे हात मी कधी गार पडू देणार नाही. शब्द देते. तुम्ही आता त्यांना सोडा."

काही झालं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "मामी, तुमची काळजी आता माझी. सोडा त्यांना."

माझ्या हातातले हातमोजे गार झाले. हळूहळू नाही. एका श्वासात. बोटं ढिली पडली, आतलं पाणी तीन अंशांचं झालं, खाडीचंच. मग ते माझ्या मुठीतून निसटले आणि पाण्यावर क्षणभर तळवे वर करून तरंगले. नंतर दिसले नाहीत.

मामा हललेच नाहीत. मग त्यांचा खालचा ओठ थरथरला. खांदे. मग सगळं अंग असं कुडकुडायला लागलं की फळी खडखडली.

"वैजू," ते म्हणाले, लहान मुलासारखं, चिडून. "गार लागतंय गं."

त्याहून सुंदर वाक्य मी आजपर्यंत ऐकलेलं नाही.

मी त्यांना फळीवर ओढून घेतलं, चेन गळ्यापर्यंत लावली, माझी टोपी त्यांना घातली आणि त्यांच्यावर आडवी पडून राहिले. त्यांचे दोन्ही हात माझ्या काखेत धरले. बचाव बोट आली तेव्हा आम्ही दोघं इतके कुडकुडत होतो की त्या लोकांना आम्हाला वेगळं करायला त्रास झाला.

मामा वाचले. फळ्या विकल्या. मी त्यांच्या गावापासून अर्ध्या तासावरच्या संस्थेत कायमची नोकरी घेतली. आईला वाटलं, पगारासाठी. रोज संध्याकाळी मी मामांकडे जायचे, टबमध्ये गरम पाणी घालून त्यांचे हात त्यात ठेवायचे. ते वर्तमानपत्र वाचता येत नाही म्हणून कुरकुर करायचे, मग मीच वाचून दाखवायचे.

एकदाच, कितीतरी वर्षांनी, त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी तू तिला काय सांगितलंस?"

"कुणाला?"

"मग ती गेली कशी?"

मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचली.

खाडीवरच्या त्या दिवसानंतर अकरा वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका पहाटे, मामा आता राहत होते त्या वृद्धाश्रमातून फोन आला. मामा झोपेत गेले होते. रस्त्यावर बर्फ होता. मला पोचायला दोन तास लागले. तिथल्या रीतीप्रमाणे परिचारिकेने खोलीची खिडकी उघडून ठेवली होती, जीव बाहेर जावा म्हणून. आत श्वासाची वाफ दिसत होती. उशाजवळच्या ग्लासातल्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा आला होता.

शब्द मी दिला होता, आणि त्या रात्री मी तिथे नव्हते. हाच विचार मनात घेऊन मी पलंगाशी गेले.

कपाळ गार होतं. पाय गार होते, गुडघ्यांपर्यंत. हात पांघरुणावर बाहेर होते.

"तुम्ही आता आलात म्हणून सांगते," परिचारिका दारातून दबक्या आवाजात म्हणाली. "मी त्यांचे हात दोनदा पुसून कोरडे केले. ओले कसे होतात, कळत नाही."

मी मामांचे हात हातात घेतले. ते गरम होते. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

मी खिडकी लावून घेतली नाही. खुर्ची ओढून मामांच्या डाव्या बाजूला बसले. उजवी बाजू मोकळी ठेवली.